मोरचूद, अमोनिया आणि जर्नलमधलं ते पाणी

सांगलीत तांब्याचं रसायनशास्त्र शिकवायला सोपं जातं, कारण मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पोरांच्या ओळखीचं असतं. तासगावकडची मुलं तर द्राक्षांवरच्या डावणी रोगासाठी मोरचूद चुन्याबरोबर कालवून बोर्डो फवारा बनवून आलेली. "मॅडम, हे आमच्याकडं पोत्यानं असतंय," असं कुणीतरी म्हणतंच.

तरी प्रॅक्टिकलला त्याच मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया पडायला लागला की सगळे टेबलाशी गोळा होतात. आधी फिकट निळा गाळ. अमोनिया आणखी घातला की गाळ विरघळतो आणि जांभळ्याकडं झुकणारा गर्द निळा रंग चढतो. मग परीक्षानळीच्या कडेनं स्पिरिट हळूच सोडायचं, ढवळायचं नाही. दुसऱ्या दिवशी थरांच्या सीमेपाशी सुयांसारखे स्फटिक दिसतात. ओव्हनमध्ये ठेवू नका म्हणून कितीही ओरडा, एखादा बहाद्दर ठेवतोच. अमोनिया उडतो आणि फिकट भुकटी उरते.

माझा खरा वाद असतो व्हायव्याला, म्हणजे तोंडी परीक्षेला. या गर्द निळ्या स्फटिकांच्या सूत्रात तांब्याबरोबर चार अमोनिया, एक सल्फेट, एक पाणी. जर्नलात चौरस काढलेला असतो, मध्ये तांबं, कोपऱ्यांवर अमोनियाचे नायट्रोजन, आणि पाणी ओसरीवरच्या पाहुण्यासारखं लांब कुठंतरी. क्ष-किरणांनी काढलेली रचना वेगळंच सांगते. नायट्रोजन तांब्यापासून साधारण २ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), आणि त्या पाण्याचा ऑक्सिजन चौरसाच्या डोक्यावर, थोडा लांब, २.३ च्या आसपास. म्हणजे चौरस पायाचा पिरॅमिड!

साध्या मोरचुदात तर आणखी गंमत. चार पाणी चौरसात, वर-खाली सल्फेटचे ऑक्सिजन जवळपास २.४ वर, आणि पाचवं पाणी तांब्याला शिवतही नाही, नुसतं हायड्रोजन बंधांवर टिकलेलं. बीव्हर्स आणि लिप्सन या स्फटिकशास्त्रज्ञांनी हे १९३४ मध्ये, संगणक नसताना सोडवलं. काही बंध असे लांब का, ते सांगणारं जान-टेलर प्रमेय १९३७ चं. या क्षारांतल्या तांब्याच्या आयनाच्या डी कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या पाच जागांत, नऊ इलेक्ट्रॉन. वरच्या दोन कक्षकांत तीनच, त्यामुळं वाटणी सारखी होत नाही आणि एका अक्षावरचे बंध ताणले जातात. मुलं हे प्रमेय घडाघडा म्हणतात, पण अंतरं विचारली की गप्प.

पुढच्या बॅचला अमोनियाच्या जागी दोन नायट्रोजन असलेलं एथिलीनडायअमाइन देणार आहे. त्याचे दोन्ही नायट्रोजन एकाच तांब्याला धरतात आणि पाच अणूंचं कडं तयार होतं. स्फटिकांच्या रचना बघायचं मर्क्युरी सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रचना उघडून अंतरं स्वतः मोजायची. आकडे लिहिल्याशिवाय जर्नलवर सही नाही.