न्हाणीचं पाणी

आमच्या घरामागची गटार गेली, हे पाहुण्यांना सांगावं लागत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलं की त्यांच्याच लक्षात येतं, डास कुठायत?

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त झालं, ते ऐकून आम्हीही खड्डा घेतला. 4 फूट लांब, 4 रुंद, 4 खोल. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या कडेखाली चार भोकं, भोवती दगड. न्हाणीचं नि मोरीचं पाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत जातं आणि जमिनीत मुरतं. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, त्याला वेगळा खड्डा.

पहिल्याच आषाढात आमचा खड्डा तुंबला. गवंड्याने भोकं तळाशी पाडली होती, म्हणजे गाळ थेट दगडांत! "भोक ते भोक, वर काय नि खाली काय," हे त्याचं म्हणणं. सगळे दगड उपसून धुतले. साबणाचा पांढरट चिकट थर आणि त्यात आंबलेली भाताची शितं. वास दोन दिवस हातांना. आई काठावर उभी राहून म्हणाली, "मोरीला जाळी बसव म्हणून कधीची सांगतेय मी."

बसवली. आता दर दोन महिन्यांनी झाकण काढून टाकीतला गाळ काढतो. त्या दिवशी माझं जेवण ओट्यावर, घरात घेत नाहीत.