दोन स्वल्पविरामांमधली मुलं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. करारांचे इंग्रजी मसुदे तपासणं हे माझं काम आहे आणि त्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला आमच्या इंग्रजीच्या बाईंनी शिकवली: विरामचिन्हं.

बाईंच्या वर्गात येण्याआधी आम्ही शिकलो होतो, की चिन्ह म्हणजे थांबण्याची खूण. स्वल्पविरामाला मनात एक मोजायचं, पूर्णविरामाला चार. ही समजूत निराधार नाही. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिसने ग्रीक मजकुरात वर, मध्ये आणि खाली ठिपके देण्याची पद्धत सुरू केली, ती मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणूनच. पण आज आपण बहुतेक सगळं मनात वाचतो. बाई म्हणायच्या, "दम लागला म्हणून कॉमा द्यायचा नाही. कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे, ते सांगायला द्यायचा."

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'द बॉइज हू वेअर लेट वेअर पनिश्ड'. शिक्षा कोणाला झाली? जी मुलं उशिरा आली, फक्त त्यांना. बाईंनी 'बॉइज'नंतर एक आणि 'लेट'नंतर एक असे दोन स्वल्पविराम दिले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता सगळीच मुलं उशिरा आली होती आणि सगळ्यांनाच शिक्षा झाली होती. शब्द तेच, क्रम तोच. मराठीत हा भेद आपण 'जी', 'ती' आणि 'च' लावून सहज दाखवतो. इंग्रजीत अशा वाक्यात तो सगळा भार त्या दोन चिन्हांवर येतो, म्हणूनच मराठी माध्यमाच्या मुलांना ते मुद्दाम शिकवावं लागतं. शिवाय चिन्हं दोन म्हणजे दोनच. 'लेट'नंतर एकच देऊन सोडलं, तर कर्ता आणि क्रियापद यांची उगीच ताटातूट होते. मोठमोठ्या पदांवरच्या लोकांच्या पत्रांत मला हे रोज दिसतं.

मराठीची सवय आणखी एका ठिकाणी आडवी येते. 'पाऊस पडत होता, आम्ही घरातच थांबलो' हे मराठीत छान चालतं. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही चूक धरतात. तिथे पूर्णविराम द्यावा, 'सो' किंवा 'अँड' घ्यावा, नाहीतर अर्धविराम वापरावा. आपण 'की'पाशी स्वल्पविराम देतो, तसा इंग्रजीत 'ही सेड दॅट' लिहिताना 'दॅट'च्या मागे किंवा पुढे द्यायचा नसतो.

ॲपॉस्ट्रॉफीसाठी बाई आमचे कान बंद करायला लावायच्या, कारण कानाला फरक कळतच नाही. 'टीचर्स रूम' ऐकलं तर एका शिक्षकाची खोली की अनेकांची? एस्‌च्या आधी चिन्ह दिलं तर एकाची, एस्‌च्या नंतर दिलं तर अनेकांची. 'इट्स'चा घोळ त्यांनी एका वाक्यात मिटवला होता: "त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाचा, बसलं तर चिन्ह द्या, नाही बसलं तर नको." 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांनाही ते नसतं, हे त्या लगेच जोडून सांगत.

अमेरिकेतल्या मेन राज्याचा खटला वाचला तेव्हा बाईंची फार आठवण झाली. कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही, त्याची यादी तिथल्या कायद्यात होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग वगळलेलं काम कोणतं? पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग, की पॅकिंग हे एक आणि वितरण हे दुसरं? ओव्हरटाइमसाठी खटला भरणारे ओकहर्स्ट डेअरीचे चालक माल पोचवत, पॅकिंग करत नसत. वाक्याचे दोन्ही अर्थ निघतात असं म्हणत अपील न्यायालयाने २०१७ मध्ये चालकांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. कायद्याची ती ओळही बदलली गेली. आता तिथे प्रत्येक कामानंतर अर्धविराम आहे. यादीत शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. करारात तो द्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

अवतरणचिन्हांच्या बाबतीत मात्र भांडण्यात अर्थ नाही. वाक्याच्या शेवटी आलेल्या अवतरणात अमेरिकी पद्धत पूर्णविराम चिन्हाच्या आत घेते. ब्रिटिश पद्धतीत तो बहुधा अर्थ पाहून आत किंवा बाहेर पडतो. एक पद्धत धरून शेवटपर्यंत चालवली म्हणजे झालं.

शाळेत आज इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. 'विरामचिन्हे द्या' या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर धरू नका. आठवड्यातून एखादं वाक्य असं निवडा, की ज्यात चिन्हं दोन प्रकारे बसतील. मुलांकडून दोन्ही लिहून घ्या आणि प्रत्येकाचा अर्थ त्यांना मराठीत सांगायला लावा.