तारकागुच्छाचा बिल्ड: आधी विचारा, तक्रार कोणाची आहे

माझा तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाचं संगणकावरचं सिम्युलेशन, गेल्या रविवारी रात्री पहिल्यांदा नीट फिरला. १६,३८४ तारे, प्रत्येकाची ओढ बाकी सगळ्यांवर, म्हणजे वेळेच्या एका पावलाला सुमारे २६ कोटी ८४ लाख जोड्या. हे सगळं लॅपटॉपमधल्या जीटीएक्स १६५० या एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डावर (जीपीयू), चार जीबी मेमरीत. मधे दाटी, कडेला विरळ तारे आणि एखादा तारा गुच्छातून सुटून दूर निघून जातो. ते बघत मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

पण आजची नोंद बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याची आहे. सहा आठवड्यांपैकी भौतिकशास्त्राला दोन लागले, उरलेले चार बिल्डच्या चुका सोडवण्यात गेले. त्यातून हाती लागलेली एकच गोष्ट इतकी उपयोगी आहे की ती सविस्तर लिहून ठेवते.

माझं सामान असं: उबुंटू २२.०४, त्याच्याच भांडारातून घेतलेलं कूडा ११.५ (एनव्हीडियाच्या कार्डांवर प्रोग्राम लिहायचं टूलकिट), सोबत आलेला जीसीसी ११ हा कंपायलर आणि बिल्ड जुळवून देणारा सीमेक ३.२२. नवीन काही उतरवलं नव्हतं, जे सरळ मिळालं तेच.

पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी आली. स्क्रीनभर लाल मजकूर, आणि वर फाइलचं नाव माझं नाहीच: सी-प्लस-प्लस ११ च्या फोल्डरातली एसटीडी-फंक्शन हेडर, ओळ ४३५, ‘पॅरामीटर पॅक्स नॉट एक्स्पांडेड’. मी त्या फाइलला हातही लावला नव्हता. माझ्या टेम्प्लेटमध्येच काहीतरी वेडंवाकडं असेल असं धरून दोन दिवस माझाच कोड खरवडत बसले.

तिसऱ्या दिवशी एनव्हीसीसीला, म्हणजे कूडाच्या कंपायलरला, ड्रायरनचा पर्याय दिला. या पर्यायाने काहीच कंपाइल होत नाही, फक्त कुठकुठल्या आज्ञा चालवल्या गेल्या असत्या त्यांची यादी छापली जाते. ती यादी मी छापून भिंतीवर लावली आहे. एनव्हीसीसी हा एकटा कंपायलर नाहीच, तो मुकादम आहे. तुमची सीयू फाइल (कूडाचा कोड असलेली) घेतो आणि कामं वाटून देतो. आधी जी-प्लस-प्लसकडून (जीसीसीचा सी-प्लस-प्लस कंपायलर) प्रीप्रोसेसिंग. मग कूडा-एफई हा प्रोग्राम सीपीयूचा भाग वेगळा काढून साध्या सी-प्लस-प्लसमध्ये परत लिहितो. जीपीयूचा भाग सिक नावाच्या कंपायलरकडे जातो, त्यातून पीटीएक्स ही मधली भाषा निघते. पीटीएक्सएएस त्या भाषेतून खऱ्या चिपचा मशीन कोड बनवतो. मग दोन्ही एकत्र बांधून पुन्हा जी-प्लस-प्लसच्या हवाली. शेवटी लिंकर.

सगळ्यांची ओरड एकाच खिडकीत दिसते, म्हणून ती एकाच्या तोंडची वाटते. तशी ती नसते. माझी चूक शेवटच्या जी-प्लस-प्लसची होती. परत लिहिलेल्या सी-प्लस-प्लसमध्ये एसटीडी-फंक्शनची ती जागा त्याला पचत नव्हती. कूडा ११.५ आणि जीसीसी ११ ही जोडी या एका हेडरवर अडते हे पुष्कळांना माहीत आहे, मला नव्हतं. आवृत्तीच चालत नसेल तर सहसा ‘अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन’ अशी स्वच्छ पाटी येते. इथे ती आली नाही, कारण आवृत्तीची तपासणी पार झाली होती, म्हणून चकवा जास्त.

उपाय दोन, आणि मी दोन्ही केले. जी-प्लस-प्लस १० उतरवून एनव्हीसीसीला सीसीबिन या पर्यायाने तोच होस्ट, म्हणजे सीपीयूच्या बाजूचा, कंपायलर वापरायला सांगितला. आणि एसटीडी-फंक्शन वापरणारा सगळा कोड सीयू फाइलमधून उचलून साध्या सीपीपी फाइलमध्ये नेला. दुसरा उपाय मला जास्त पटतो. सीयू फाइलमध्ये कर्नल (जीपीयूवर चालणारी मुख्य फंक्शनं) आणि त्यांना हाक मारणारी पातळ फंक्शनं एवढंच ठेवावं. वाचायलाही बरं पडतं आणि मुकादमाला वाटायचं कामही कमी होतं.

हाक मारणारं फंक्शन सीयू फाइलमध्येच का? कारण तीन कोनी कंसांची ती खूण फक्त एनव्हीसीसीला कळते. सीपीपी फाइलमध्ये तशी हाक राहिली की जी-प्लस-प्लस म्हणतो ‘एक्स्पेक्टेड प्रायमरी-एक्स्प्रेशन’. हे मलाही एकदा आलं, पण तोवर तक्रार कोणाची हे ओळखता येत होतं, पाच मिनिटांत सुटलं.

नंतर एकूण ऊर्जा मोजायला घेतली. गुच्छाची ऊर्जा जवळपास स्थिर राहते का यावरच सिम्युलेशन खरं की खोटं ते ठरतं, म्हणून बेरीज डबलमध्ये हवी, हा फ्लोटपेक्षा जास्त अचूक आकड्यांचा प्रकार. अॅटॉमिक-अॅड (अनेक थ्रेडनी एकाच जागी सुरक्षित बेरीज करायचं फंक्शन) लिहिलं आणि उत्तर आलं: या नावाचं, डबल पॉइंटर आणि डबल घेणारं फंक्शनच नाही. कार्डाला हे जमत नाही असं समजून मी फ्लोट करायला निघाले होते. पण १६५० ची कम्प्यूट कॅपॅबिलिटी (कार्डाच्या क्षमतेचा क्रमांक) ७.५, आणि डबलचं अॅटॉमिक-अॅड ६.० पासून आहे! मग ‘नाही’ म्हणतंय कोण?

कंपायलर. मी आर्किटेक्चर सांगितलंच नव्हतं, आणि ११.५ मध्ये न सांगता धरलं जाणारं आर्किटेक्चर एसएम ५२, म्हणजे ५.२, आहे. म्हणजे माझा कोड माझ्या कार्डासाठी नव्हे, त्याच्या आधीच्या पिढ्यांपैकी एकासाठी बनत होता. मेकफाइलमध्ये एसएम ७५ लिहिलं, चूक गेली. आता कुठलाही प्रकल्प सुरू करताना ही ओळ मी सगळ्यात आधी लिहिते. सीमेकमध्ये ३.१८ पासून त्यासाठी कूडा आर्किटेक्चर्स हे व्हेरिएबल आहे. ३.२४ पासून तिथे ‘नेटिव्ह’ लिहिलं की समोरचं कार्ड आपोआप ओळखलं जातं, माझ्या ३.२२ मध्ये ती सोय नाही, आकडा हातानेच.

फाइल वाढली तेव्हा ती तोडली. त्वरण काढणारं डिव्हाइस फंक्शन (जीपीयूवरच बोलावलं जाणारं) वेगळ्या सीयू फाइलमध्ये, कर्नल दुसऱ्या. लगेच पीटीएक्सएएस ओरडला: ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्न फंक्शन’, आणि पुढे आकडे-अक्षरं गुंफलेलं लांबलचक नाव. ते नाव सी-प्लस-प्लस-फिल्टला दिलं की माणसाला वाचता येईल असं रूप मिळतं. माझंच फंक्शन निघालं. गोम अशी की जीपीयूचा कोड एरवी प्रत्येक फाइलपुरता पूर्ण असावा लागतो, दुसऱ्या फाइलमधलं डिव्हाइस फंक्शन त्याला दिसत नाही. आरडीसी (रिलोकेटेबल डिव्हाइस कोड) हा पर्याय चालू केला की दिसतं.

तो चालू केला, पीटीएक्सएएस शांत झाला, आणि ओरड लिंकरकडे सरकली. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, समोर कूडा रजिस्टर लिंक्ड बायनरी असं काहीतरी. मी शेवटचं लिंकिंग थेट जी-प्लस-प्लसने करत होते. आरडीसी असेल तर त्याआधी जीपीयूच्या तुकड्यांचं एक वेगळं लिंकिंग व्हावं लागतं. ते करून घ्यायला एकतर शेवटची जोडणी एनव्हीसीसीलाच द्यायची, नाहीतर डीलिंक ही पायरी आपण घालायची. सीमेकमध्ये सेपरेबल कंपायलेशन चालू केलं की हे तोच सांभाळतो.

हे सगळं शिकून झाल्यावर मी आरडीसी काढूनच टाकलं. फाइलच्या सीमेपलीकडचं छोटं फंक्शन कंपायलरला कर्नलमध्ये विरघळवता येत नाही, आणि माझं त्वरणाचं फंक्शन तर २६ कोटी वेळा बोलावलं जातं. ते हेडरमध्ये इनलाइन म्हणून ठेवलं. मोठ्या प्रकल्पांना आरडीसी लागेल, त्यात लिंकच्या वेळी ऑप्टिमायझेशन करायची सोयही ११.२ पासून आहे. दोन हजार ओळींच्या छंदाला हेडर पुरतो, असं माझं ठाम मत झालंय.

सीमेकवर आले तेव्हा एक संध्याकाळ अशीच गेली. होस्ट कंपायलर १० केला, तरी चूक ११ चीच. पुन्हा केला, पुन्हा तेच. तो कंपायलर पहिल्या कॉन्फिगरच्या वेळी ठरतो, नंतर बदललेला मानला जात नाही. बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवून नव्याने केलं की झालं. कंपायलर बदलला की फोल्डर उडवायचंच.

शेअर्ड मेमरीची, म्हणजे एका ब्लॉकमधले थ्रेड मिळून वापरतात त्या छोट्या वेगवान मेमरीची, कथा छोटी पण गोड आहे. ताऱ्यांचे तुकडे शेअर्ड मेमरीत आणताना मी २,०४८ चा तुकडा घेतला, प्रत्येकी चार डबल, ३२ बाइट. पीटीएक्सएएसने हेक्समध्ये हिशोब मांडला. दशमानात आणला तर मागणी ६५,५३६ बाइट, मर्यादा ४९,१५२. आधीच आकार जाहीर केलेल्या शेअर्ड मेमरीला ब्लॉकमागे ४८ किलोबाइटच मिळतात. डायनॅमिक पद्धतीने वेगळी परवानगी मागितली तर या कार्डावर ६४ पर्यंत जाता येतं, पण मग एका मल्टिप्रोसेसरवर एकच ब्लॉक मावतो. त्यापेक्षा तुकडा २५६ चा केला. शिवाय १६५० वर डबलचा वेग फ्लोटच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढाच, म्हणून बलाचा हिशोब फ्लोटमध्ये आणला आणि डबल फक्त ऊर्जेच्या बेरजेत ठेवला. म्हणजे चार फ्लोट, १६ बाइट, तुकड्याला जेमतेम ४ किलोबाइट.

मग तयार प्रोग्राम दोघांना पाठवला. कोल्हापूरच्या मामेभावाकडे आरटीएक्स ३०६० आहे, कॅपॅबिलिटी ८.६. त्याच्याकडे पहिल्या वेळी सुरू व्हायला जरा थांबावं लागलं, दुसऱ्या वेळी लगेच. माझ्या फाइलमध्ये ७.५ चा मशीन कोड होता आणि सोबत पीटीएक्स. ड्रायव्हरने त्या पीटीएक्सवरून त्याच्या कार्डासाठी तिथल्या तिथे मशीन कोड बनवला आणि जपून ठेवला.

नाशिकच्या मित्राकडे जीटीएक्स १०५० टीआय. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत सगळे तारे जागच्या जागी खिळलेले, ऊर्जेच्या रकान्यात ओळीने ०.०००, ०.०००, ०.०००. चुकीचा एक शब्द नाही. मला वाईट वाटलं, कारण त्याने रात्री दीडपर्यंत जागून ड्रायव्हर दोनदा घातला होता आणि दोष त्याच्या मशीनचा नव्हताच. कर्नलची हाक स्वतः काही परत देत नाही. हाकेनंतर कूडाची शेवटची चूक विचारावी लागते, आणि सिंक करून पुन्हा विचारावी लागते. मी विचारलंच नव्हतं. ती तपासणी घालून पाठवल्यावर क्रमांक २०९ आला: ‘नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल’. त्याचं कार्ड ६.१, माझ्या फाइलमधलं सगळं ७.५ किंवा त्यापुढचं, त्याच्यासाठी आत काहीच नाही. आता यादीत ६१, ७५, ८६ तिन्ही आहेत. बिल्डला वेळ जास्त लागतो, लागू दे.

स्वतः बिल्ड करून बघायला त्याने कूडा १३ घेतलं, तर ‘अनसपोर्टेड जीपीयू आर्किटेक्चर’, समोर कॉम्प्यूट ६१. कूडा १३ मध्ये मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी कंपाइल करता येत नाही. पास्कल कार्ड असेल त्यांनी १२ च्या मालिकेतच राहावं.

आणखी एक, कारण दोघांनीही हेच विचारलं: एनव्हीडिया-एसएमआय १२.२ दाखवतो आणि एनव्हीसीसी ११.५, यातलं खरं कुठलं? दोन्ही. पहिला आकडा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कूडापर्यंत चालवेल तो, दुसरा तुमच्याकडे उतरवलेल्या टूलकिटचा. पहिला मोठा असला की काळजी नाही. उलट झालं तर मात्र ‘ड्रायव्हर व्हर्जन इज इनसफिशंट’ येऊ शकतं आणि मग ड्रायव्हर वर न्यावा लागतो.

सध्या पीटीएक्सएएसला बोलका करून प्रत्येक कर्नल किती रजिस्टर घेतो ते छापून घेते आहे. बलाच्या कर्नलला ४०, स्पिल (रजिस्टर न पुरल्याने मेमरीत टाकावा लागलेला डेटा) शून्य. या शनिवारी ब्लॉक २५६ थ्रेडवरून १२८ करून वेळ मोजणार आहे. कोणी १६५० वर हे आधी केलं असेल तर आपला आकडा सांगा, ताडून बघते.