तुम्ही विचारलंत म्हणून: 'मॉर्निंग ग्लोरी' खरंच एवढा भारी आहे का?

ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. '(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?' या अल्बमला काही जण नव्वदच्या दशकातला सर्वांत मोठा ब्रिटिश अल्बम मानतात, तर काही जण कान किटले म्हणून अर्ध्यातच बंद करतात. मग खरं कोणाचं?

माझ्या मते दोघांचंही. गाणी अव्वल आहेत आणि आवाज फार दणदणीत असल्याची तक्रारही रास्त आहे. वाद पेटतो तो या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे.

अल्बम आला 2 ऑक्टोबर 1995 ला. आदल्या वर्षीच्या 'डेफिनेटली मेबी'ने ब्रिटनमध्ये बँडचं बस्तान बसवलं होतंच, अमेरिकेत जम बसवला तो या दुसऱ्या अल्बमने. पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये 3 लाख 47 हजार प्रती खपल्या. समीक्षकांनी मात्र बरीच नाकं मुरडली होती. शब्द उथळ आहेत, पहिल्या अल्बमची धार गेली, असा सूर होता. श्रोत्यांनी ते मनावर घेतलं नाही. दोन वर्षांनी 'बी हिअर नाऊ' आला, त्याला ब्रिटिश मासिकांनी डोक्यावर घेतलं, आणि आज त्याच्या बाजूने बोलणारे फार थोडे सापडतात. जुनी परीक्षणं वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

आता आवाजाचं. रेकॉर्डिंग झालं वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत, साधारण दिवसाला एक गाणं या झपाट्याने. निर्माते होते ओवेन मॉरिस आणि बँडचा गिटारवादक-गीतकार नोएल गॅलाघर, आणि आवाज हा असा दणदणीत ठेवला आहे तो जाणूनबुजून. सीडीवर आवाजाच्या लहरीला वरची एक मर्यादा असते, तिच्यापलीकडे जाता येत नाही. म्हणून ड्रमचे उंच ठोके लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्राने) दाबायचे आणि मग बाकीचं सगळं त्या मर्यादेपर्यंत वर उचलायचं. पबच्या गोंगाटात अशी सीडी उठून दिसते. घरी शांतपणे ऐकताना मात्र ठोका आणि गिटार यांच्या उंचीत फरकच उरत नाही, आणि कानाला उसंत मिळत नाही. त्यात झांजा, फाटलेल्या गिटारी आणि गायक लिअमचा नाकातला स्वर यांची गर्दी नेमकी 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात होते, जिथे माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. थकवा येतो तो इथून.

खात्री करायची असेल तर सीडीवरून 'सम माइट से' काढून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि खाली ऐंशीच्या दशकातल्या सीडीवरचं एखादं रॉक गाणं लावा. जुन्या गाण्यात ठोक्याठोक्याला टोकं वर आलेली दिसतील. 'सम माइट से' विटेसारखं सपाट दिसेल.

ऐकताना हमखास होणारी एक चूक सांगतो. पहिलं गाणं 'हॅलो' सुरू होतं ते 'वंडरवॉल'च्या गिटारच्या हलक्या सुरावटीने. ती नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि काही सेकंदांत अख्खा बँड अंगावर येतो. पातळी ठरवायची ती 'सम माइट से'च्या ध्रुवपदावर. ते गाणं चालू असताना शेजारच्याशी जरा मोठ्या आवाजात बोलता आलं पाहिजे. तेवढ्यावर ठेवा आणि मग पहिल्यापासून लावा. शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं विरत असताना दुसरं सुरू करणारी सोय) दोन्ही बंद करा, कारण सहावा आणि अकरावा हे छोटे, नाव नसलेले तुकडे शेजारच्या गाण्यांना जोडलेले आहेत. अकराव्यातून 'शँपेन सुपरनोव्हा'च्या पाण्याच्या आवाजात शिरणं हा या अल्बममधला सर्वांत सुंदर सांधा आहे, आणि शफलवर ऐकणाऱ्यांना तो कधी कळतच नाही.

दुसऱ्या अल्बमशी तुलना करायची असेल तर स्पॉटिफायवर आवाज समान करण्याची सोय चालू ठेवा. ती सर्व गाणी उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणते. एखाद-दुसऱ्या डेसिबलच्या फरकानेही मोठं वाजणारं गाणं कानाला 'चांगलं' वाटतं, त्यामुळे ही सोय बंद असेल तर तुलनेला अर्थ नाही. पातळी खाली आली तरी दाबलेले ठोके परत उभे राहत नाहीत, हेही खरं. नव्याने मास्टरिंग केलेली प्रत घेताना तीच अपेक्षा बेताची ठेवा.

गाण्यांवरचा सर्वांत जुना आक्षेप उसनवारीचा. तो खराच आहे: 'हॅलो'च्या श्रेयात सत्तरच्या दशकातला गायक गॅरी ग्लिटर याचं नाव आहे, 'डोन्ट लुक बॅक इन अँगर'चा पियानो सरळ जॉन लेननच्या 'इमॅजिन'ची आठवण करून देतो. शब्दांना अर्थ नाही, हा दुसरा आक्षेप. पण 2017 च्या मँचेस्टर हल्ल्यानंतर सेंट अ‍ॅन्स स्क्वेअरमध्ये श्रद्धांजलीला जमलेल्यांनी मौन संपल्यावर आपणहून 'डोन्ट लुक बॅक इन अँगर' म्हटलं. अनोळखी माणसांना एकत्र गाता येईल अशी चाल बांधणं ही फार मोठी कारागिरी आहे, आणि नोएलकडे ती होती.

मला पटणारा आक्षेप तिसरा: निवड चुकली. 'अ‍ॅक्विएस' आणि 'द मास्टरप्लॅन' ही गाणी त्याच वर्षीच्या सिंगल्सच्या मागच्या बाजूला गेली आणि 'रोल विथ इट' व 'हे नाऊ!' अल्बमवर राहिली. प्लेलिस्ट करून या दोन गाण्यांऐवजी दुसऱ्या जागी 'अ‍ॅक्विएस' आणि पाचव्या जागी 'द मास्टरप्लॅन' ठेवून बघा. लांबीत फारसा फरक पडत नाही आणि पूर्वार्धाची मरगळ जाते.

राहता राहिला 'वंडरवॉल'चा कंटाळा. तो बहुतेक वेळा गिटार शिकणाऱ्यांनी आणलेला असतो. कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्टीवर) लावा. तिथून मोजून तिसऱ्या फ्रेटवर अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर ठेवा. कडव्यातल्या ई मायनर सेव्हन, जी, डी सस फोर, ए सेव्हन सस फोर या चारही कॉर्डना ही दोन बोटं हलत नाहीत, फक्त तर्जनी आणि मधलं बोट जागा बदलतं. नवशिका दर कॉर्डला सगळा हात उचलतो, मग वरचे दोन सूर तुटतात आणि गाण्यातली ती अखंड गुंजन जाते. वेग मिनिटाला 87 ठोके. 100 च्या पुढे गेलात तर सोळाव्या मात्रांचा उजवा हात घाईला येतो आणि उरते ती नुसती खरड.