एका घर नंबरवर 38 नावं

2024 च्या ऑक्टोबरमधला शनिवार. सकाळची शाळा सुटली आणि मी बीएलओची (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बूथ लेव्हल ऑफिसरची) पिशवी खांद्याला अडकवून थेट पंचवटीतल्या त्या वाड्यावर गेले. तीन दिवस तो वाडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता: एका घर नंबरवर 38 मतदार, सगळे बोगस! ते फिरवणाऱ्या कार्यकर्त्याला मी मुद्दाम सोबत बोलावलं. म्हटलं, दादा, तुम्हीच मोजा.

वाड्याला घर नंबर एकच, पण आत बिऱ्हाडं नऊ. दिंडी दरवाज्यातून शिरलं की डाव्या हाताला एका फळीवर नऊ वीजमीटर ओळीने ठोकलेले. मी नाव वाचायचे आणि कुठल्या ना कुठल्या दारातून कुणीतरी ओळखपत्र घेऊन बाहेर यायचं. दीड तासात 34 जणांचा पत्ता लागला. दोघं मयत. एक मुलगी लग्न होऊन सिन्नरला गेलेली.

मयतांची नावं यादीत राहतात, हा दोष आहेच. पण नाव राहिलं म्हणजे त्या नावावर मत पडलं, असं होत नाही. केंद्रावर ओळख पटवावी लागते, समोर सगळ्या पक्षांचे एजंट यादी घेऊन बसलेले असतात, बोटाला शाई लागते. हे मी त्या कार्यकर्त्याला जिन्यातच सांगितलं. त्याने मान डोलावली. मेसेज मात्र काढला नाही, याचा मला अजून राग आहे. कारण जिन्याखाली मेथी निवडत बसलेल्या आजींनी तो नातवाच्या फोनवर पाहिला होता. "बाई, आमची नावं कापणार का हो?" फॉर्म 7, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, कुणीही भरला तरी नाव लगेच जात नाही, आधी नोटीस येते, चौकशी होते, असं दोनदा सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा हात पुन्हा जुडीकडे गेला.

राहिलं अडतिसावं नाव. वरच्या मजल्यावरची आई दार अर्धंच उघडून उभी. मुलगा नाशिकरोडच्या जेलमध्ये, कच्चा कैदी. खटला अजून उभाच राहिलेला नाही. "त्याचं नाव तेवढं राहू द्या," म्हणाली. नाव राहणारच. 2013 च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच तसं लिहिलंय. पण 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5) प्रमाणे तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, मग शिक्षा झालेली असो वा नसो. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताब्यात घेतलेला, असता तर टपालाने देता आलं असतं. जामिनावर सुटलेला देऊ शकतो. आतला कच्चा कैदी निवडणुकीला उभासुद्धा राहू शकतो, फक्त मत देऊ शकत नाही. सुप्रीम कोर्टानेही 1997 मध्ये हे कलम कायम ठेवलं. मला ते पटत नाही. ज्याचा गुन्हा शाबित झालेला नाही, जामिनाला पैसे नाहीत म्हणून जो आत आहे, त्याचं मत आपण कशासाठी अडवतो? नसलेल्या बोगस मतांसाठी अख्खं गाव पेटतं. या खरोखर अडलेल्या मतासाठी वाड्यात त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. कार्यकर्ता तर चपला घालून खालीही उतरला होता.

20 नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाआधी मी मतदार चिठ्ठ्या वाटायला पुन्हा गेले. त्याचीही चिठ्ठी आली होती. आईने ती घेतली, रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे सावकाश सही केली आणि विचारलं, "ही जेलात नेऊन दिली तर चालेल का?"