लेस्टरची गाडी जळगावला आणायची का?

आम्ही इंग्लंडमधलं लेस्टर सोडून जळगावला कायमचं राहायला आलो त्याला आता तीन महिने होतील. चोवीस वर्षांचा संसार आवरायला निघालो तेव्हा भांडी वाटून टाकली, सोफा देऊन टाकला, पुस्तकांचे अकरा खोके बोटीने पाठवले, पण हिचा जीव अडकला होता तो गाडीत. आमची होंडा जॅझ, हायब्रिड, २०२३ ची, निळी. ही पन्नाशी ओलांडल्यावर ड्रायव्हिंग शिकली, तिसऱ्या टेस्टला पास झाली, त्यानंतर तिच्या पसंतीने घेतलेली ही पहिली गाडी, आणि त्या गाडीने तिला जी मोकळीक दिली ती मी डोळ्यांनी बघितलीय. कुणाला विचारायला नको, बसची वाट बघायला नको. "बाकी काही मागत नाही, गाडी तेवढी नेऊ," म्हणाली. मला पण पटलं होतं. तिकडे पण डावीकडूनच चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, मग अडचण ती काय असणार.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आल्यापासून चार जणांनी मला हाच प्रश्न विचारलाय, आणि चौघांचंही निम्मं मन गाडी आणायचीच असं ठरलेलं होतं.

आम्ही एका शिपिंग एजंटला गाठलं, त्याने फोनवर सांगितलं की तुम्ही कायमचे परत चाललाय ना, मग ट्रान्सफर ऑफ रेसिडन्सच्या सवलतीत गाडी जवळजवळ फुकट जाते, आणि गाडी बघायला येण्याचे म्हणून ३०० पौंड घेतले. ते ३०० पौंड गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट वाटलं ते हे की त्याच्या बोलण्यावर आम्ही दोन महिने निर्धास्त राहिलो. खरी गोष्ट अशी की कायमचं परत येणाऱ्याला घरसामानावर जी कस्टमची सवलत मिळते त्यात मोटारगाडी येतच नाही. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन ठीक आहे, गाडीवर पूर्ण ड्युटी. ही एक गोष्ट कुणी मला आधी सांगितली असती तर पुढचा सगळा घोळ वाचला असता.

मग मी स्वतः नियम वाचायला बसलो. वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली पाहिजे, स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे (म्हणजे दुबई-मस्कतहून येणाऱ्यांचा विषय तिथेच संपतो), स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकला जुळणारा पाहिजे, आणि इथे आल्यावर निदान पाच वर्षं रस्त्यावर चालेल, तिची सर्व्हिसिंग होईल याची हमी पाहिजे. आमचा स्पीडोमीटर मैलांचा. गाडी उतरणार मुंबई बंदरात, मग पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा गाड्या तपासणाऱ्या संस्थेची तपासणी, आणि मुंबईहून जळगाव म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर, ते पण ट्रेलरवर टाकून, कारण नंबर मिळेपर्यंत ती रस्त्यावर आणता येत नाही.

आता पैशाचं सांगतो, कारण सगळे शेवटी तिथेच येतात. जुन्या गाडीवरची बेसिक ड्युटी २०१३ पासून कितीतरी वर्षं १२५ टक्के होती, मध्ये नावं आणि विभागणी बदलली, पण वरचा जीएसटी वगैरे धरला की एकूण भार अजूनही गाडीच्या किमतीच्या दीडपटीच्या पुढेच जातो. आणि किंमत कोणती, तर तुम्ही ती कितीला घेतली ते कस्टमवाले बघत नाहीत, नवी असताना कंपनीच्या यादीत जी किंमत होती ती धरतात, त्यातून वापराप्रमाणे घसारा वजा करतात, वर बोटीचं भाडं आणि विमा मिळवतात. आमचा हिशोब मी वहीत मांडला होता, अजून आहे ती वही. यादीतली किंमत २५ हजार पौंड, दोन वर्षांचा घसारा जाऊन १८ हजार, भाडं-विमा २ हजार, झाले २० हजार पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर २३ लाख. त्याच्यावर ड्युटी आणि टॅक्स मिळून ३५ लाखांच्या वर. हे आकडे मी हिच्यासमोर ठेवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की एवढ्यात तर भावजींच्या घराचा वरचा मजला होईल.

तरी पण माणसाचं मन कसं असतं, मी म्हटलं इतकी वर्षं कमावलं ते कशासाठी, हिची एक हौस. म्हणून फैजपूरला माझ्या चुलतभावाला फोन लावला. त्याचं शेत आहे, ट्रॅक्टर आहे, तीस वर्षं गाड्याच हाताळतोय. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाडी आनशी तं आन भाऊ, पन तिनं काम कोन करी?"

म्हणजे ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जॅझ इथे विकत होते पण ती २०२३ मध्ये बंद झाली, आणि आमची जी हायब्रिड होती ती भारतात कधी आलीच नाही. म्हणजे बंपर, आरसा, हेडलाइट, काहीही गेलं की बाहेरून मागवा. तिकडची वॉरंटी इकडे चालेल असं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. शिवाय पेट्रोल. तिकडे साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, इथे आता पंपावर ई२० मिळतं, आणि ज्या इंजिनाला ते चालतं असं कंपनी म्हणत नाही त्यात मी ते वर्षानुवर्षं भरत राहायचं का? आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ डिग्री असते तेव्हा हायब्रिडची बॅटरी काही बोलायला लागली तर ती उघडून बघणारा माणूस पुण्या-मुंबईत शोधायचा. साठीत मला ते नको होतं. खरं सांगायचं तर हिशोबाच्या वहीने माझं मन पूर्ण वळलं नव्हतं, ते भावाच्या त्या एका प्रश्नाने वळलं.

गाडी विकली लेस्टरलाच, आमच्या गल्लीतल्या एका नर्स मुलीला. कुणाला निर्यात करायचीच असेल तर तिकडे लॉगबुकातला, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदातला, कायमच्या एक्स्पोर्टचा भाग भरून डीव्हीएलएला (तिकडचं आरटीओसारखं सरकारी खातं) पाठवावा लागतो, मग उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो, एवढी एक माहिती माझ्याकडे शिल्लक राहिली. चावी देताना हिने गाडीत लावलेला मनुदेवीचा छोटा फोटो काढून पर्समध्ये ठेवला.

इथे आल्यावर पहिलं काम लायसन्सचं. गाडीच्या आधी लायसन्स बघा हे मी प्रत्येकाला सांगतो. माझं जळगावचं जुनं लायसन्स कधीच संपलेलं, मुदत संपून वर्षाच्या वर गेलं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते, आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो. हिचं तर इथलं लायसन्सच नव्हतं. लर्निंग काढलं, ३० दिवस थांबली, रोज सकाळी मेहरूण तलावाच्या बाजूला भाच्याच्या गाडीवर हात साफ केला, कारण गाडी चालवता येणं वेगळं आणि समोरून उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल, मध्येच बसलेली गाय, हे सगळं सांभाळणं वेगळं. पहिल्याच टेस्टला पास झाली. त्या दिवशी आरटीओच्या बाहेर उसाचा रस प्यायलो आम्ही दोघं, थंडीत.

गाडी घेतली बलेनो, पेट्रोल, क्लच नसलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी सेस धरून २९ टक्के होता तो १८ वर आला, त्याचा फायदा आम्हाला बरोबर मिळाला. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. एमएच १९ ची पाटी लागली तेव्हा मला फार बरं वाटलं, चोवीस वर्षांनी.

आता धुळ्याच्या मावसभावाचं. तो उलटा चाललाय, मुलीकडे ब्रिस्बेनला, तिथेच राहायचा विचार आहे, आणि त्याला त्याची इथली गाडी न्यायचीय. मी त्याला सांगितलं, तिथे पण नियम आहेतच. जहाजावर चढवायच्या आधी ऑस्ट्रेलियाची इम्पोर्ट मंजुरी हातात पाहिजे, स्वतःची म्हणून नेताना ती गाडी निदान १२ महिने तुझ्या नावावर आणि वापरात असल्याचे कागद पाहिजेत, गाडीत कुठे अ‍ॅस्बेस्टॉस असता कामा नये, आणि चाकाच्या आतल्या बाजूला शेतातली माती किंवा गवताचं बी सापडलं तर तिथले क्वारंटाइनवाले तुझ्या खर्चाने गाडी धुवायला लावतात. आबा, आपल्या शिवारात फिरलेल्या गाडीतून माती कितीही काढली तरी निघते का? तो अजून विचार करतोय. मी म्हटलं जा, सहा महिने मुलीच्या गाडीवर काढ, तिथली थंडी, पाऊस, पार्किंग बघ, मग तिथेच सेकंडहँड घे. इथली गाडी इथे विकून टाक किंवा पुतण्याला दे, पण उभी ठेवू नको, उभ्या गाडीची बॅटरी आणि टायर दोन्ही जातात.

मागच्या रविवारी बामणोदला भरीत पार्टी होती, चुलतभावाच्या मित्राच्या शेतात. भुसावळच्या पुढे गेलो आणि डाव्या मागच्या टायरची हवा उतरली. हीच चालवत होती, तिने शांतपणे बाजूला घेतली. जॅझमध्ये स्टेपनी नव्हती, तिकडच्या बऱ्याच गाड्यांत नसते, फक्त पंप आणि फोमची बाटली देतात. इथे डिकीतलं कार्पेट उचललं तर खाली चाक. बदललं, पुढे अर्ध्या किलोमीटरवर पंक्चरवाला मिळाला, पोरगा असेल एकोणीस-वीसचा, त्याने चाक पाण्याच्या टाकीत फिरवलं, बुडबुडे कुठून येतात ते बोटाने धरलं, पक्कडीने बाभळीचा काटा ओढून काढून हिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "काकू, शेतात जास्त आत नका नेऊ." पंधरा मिनिटं लागली सगळी मिळून. पोहोचलो तेव्हा पऱ्हाट्यांवर वांगी भाजायचं काम चालूच होतं.

शनिवारी पहिली सर्व्हिसिंग आहे, १००० किलोमीटरची. गॅरेज घरापासून सात मिनिटांवर, ही स्वतः घेऊन जाणार आहे. मनुदेवीचा फोटो डॅशबोर्डवर लागलाय.