कॉन्फरन्सला पोस्टर नेताय? आधी ट्यूब मोजा

कॉन्फरन्समध्ये आपलं संशोधन मांडायचं ए-झीरो आकाराचं पोस्टर गुंडाळून, ट्यूबमध्ये घालून विमानानं नेऊ नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

पहिल्यांदा कॉन्फरन्सला निघालेल्या प्रत्येकाला सीनियर एकच सांगतात: प्रिंट काढ, ट्यूबमध्ये घाल, खांद्याला अडकव, कुणी काही विचारत नाही. लॅबमधली काळी ट्यूब आजवर बऱ्याच जणांनी नेली आणि म्हणे एकदाही कुणाला अडवलं नाही. मला विमानात चढायच्या दारातच अडवलं.

हिशेब अगदी साधा आहे, पण तो कुणी सांगत नाही. ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. कसंही गुंडाळलं तरी गुंडाळी ८४ सेंटिमीटरपेक्षा आखूड होत नाही. केबिन बॅगेची लांबी बहुतेक विमान कंपन्या ५५-५६ सेंटिमीटरपर्यंतच धरतात. म्हणजे ट्यूब नियमात बसतच नाही, ती चालते दारातल्या माणसाच्या मर्जीवर. विमान रिकामं असलं तर जाऊ देतात. आमचं गच्च भरलेलं होतं. दाराशी बॅगा मापायचा लोखंडी सांगाडा असतो, त्यात कर्मचाऱ्यानं ट्यूब उभी केली. तिचा एक तृतीयांश भाग वर राहिला. 'यात फक्त कागद आहे,' मी म्हणाले. त्यानं काही न बोलता कार्डाचं मशीन पुढे केलं. पोस्टरच्या छपाईला लागले त्याहून जास्त पैसे तिथे गेले. तिथे वाद घालू नका. मागची रांग तुमच्या बाजूनं बोलत नाही आणि विमान थांबत नाही. ट्यूबच न्यायची असेल तर आदल्या दिवशी ऑनलाइन सामान म्हणून नोंदवा. दारातला दर नेहमीच चढा असतो.

पैसे भरूनही ट्यूब हातात राहिलीच नाही, विमानाच्या पोटात, सामानात गेली. उतरल्यावर पट्ट्यावर आली ती झाकणाशिवाय. पोस्टरचा एक कोपरा बाहेर येऊन चुरगळला होता आणि क्यूआर कोड नेमका त्याच कोपऱ्यात होता. तो कसाबसा वाचला जात होता, कारण बनवताना एरर करेक्शनची पातळी 'एच' ठेवली होती. त्या पातळीला कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. 'एल' पातळीला ही सूट ७ टक्क्यांच्या आसपास आहे. कोड बनवताना ते सेटिंग शोधा आणि बदला.

आता उपाय. पहिला आणि माझ्या मते सगळ्यात चांगला: पोस्टर चार ए-टू तुकड्यांत छापा. ए-टू म्हणजे ४२० बाय ५९४, चार जोडले की बरोबर ए-झीरो होतो आणि गुंडाळी ४२ सेंटिमीटरची, पाठीवरच्या सॅकमध्ये बसणारी. मांडणी करतानाच पाहायचं की आलेख किंवा मजकुराची ओळ जोडावर येणार नाही. दुसरा उपाय कापडी प्रिंटचा. घडी करून कपड्यांबरोबर बॅगेत जातो, रात्री खोलीत टांगून ठेवला की सुरकुत्या बऱ्याच जातात. मात्र कापडावर बारीक रेषा पुसट येतात, आलेखातल्या रेषा आणि अक्ष जाड करून घ्या. तिसरा सल्ला सगळे देतात तो म्हणजे तिथे जाऊन छापा. हा सल्ला वाईट आहे. कॉन्फरन्सच्या सकाळी आजूबाजूच्या प्रत्येक छपाईवाल्याकडे तुमच्यासारखेच सगळे उभे असतात. पूर्ण दिवस हाताशी असेल तरच त्या फंदात पडा, आणि फाइल पीडीएफमध्येच न्या, फाँट एम्बेड करून, म्हणजे अक्षरांचा साचा फाइलमध्येच साठवून.

दुसरी फसगत पोस्टर लावायच्या बोर्डाची. आयोजकांच्या मेलमध्ये 'पोस्टरचा आकार ए-झीरो' एवढंच होतं. उभं की आडवं, अवाक्षर नाही. हॉलमध्ये बघते तर बोर्ड आडवे, उंची जेमतेम मीटरभर. माझं पोस्टर उभं. खालचं वीतभर बोर्डाच्या खाली लोंबत राहिलं आणि मुख्य निकालाचा आलेख तिथेच होता. माझ्या ओळीत निम्म्याहून जास्त जणांची हीच गत होती, त्यामुळे दोष कुणाचा हे उघड आहे. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा पाठवलेला सारांश, स्वीकारल्याचा मेल आला की लगेच उलट विचारा: बोर्डाची उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये कळवा, पिना लावायच्या की टेप. 'ए-झीरो चालेल' असं मोघम उत्तर आलं तर पुन्हा विचारा. स्वतःची दुहेरी चिकटपट्टी जवळ ठेवा. तिथली पहिल्या अर्ध्या तासातच संपली.

मजकुराबद्दल थोडंच सांगते. मानसशास्त्रात पीएचडी करत असलेल्या माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये सुचवलेली मांडणी, म्हणजे मधोमध मोठ्या अक्षरात एका वाक्यात निष्कर्ष, खरंच काम करते. चालता चालता लोक ते वाक्य वाचतात आणि थांबतात. माझ्या शेजारच्याचं काम माझ्यापेक्षा सरस होतं, पण बारीक अक्षरांच्या भिंतीपुढे कुणी थांबलं नाही. बाकीचा मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान ठेवू नका.

आणि पोस्टर सेशनच्या, म्हणजे पोस्टरपाशी उभं राहून लोकांशी बोलायच्या वेळात जेवायला जाऊ नका, कितीही भूक लागली तरी. निम्मे बोर्ड तेव्हा ओस पडले होते. मी थांबले म्हणून एक ज्येष्ठ प्राध्यापिका भेटल्या. त्या सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि लोंबणारा कागद हातात धरून आलेख वाचू लागल्या. 'वाय अक्ष लॉगमध्ये का घेतलास?' लॉग म्हणजे आकडे पटीपटीनं वाढणारी मोजपट्टी. मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. लहान किमतींमधला फरक लॉगमुळे उगाच मोठा दिसतोय हे त्यांनी तिथल्या तिथे कागदावर आकडे मांडून दाखवलं. वर्षभर लॅबमध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्या बोलण्यासाठी मी ट्यूबचे पैसे पुन्हा भरीन, आणि हे मनापासून लिहितेय. कोरी वही आणि पेन बोर्डापाशीच ठेवा. अशा वेळी फोनवर टिपण काढता येत नाही.

बाकीचे दिवस छान गेले. भाषणं चांगली होती, राहायची सोय ठीक, शहरही थोडं पाहिलं.

परतल्यावर खर्चाच्या परताव्याचं उरतं. छपाईचे आणि तिकिटाचे पैसे विनातक्रार मिळाले. दारात भरलेले अजून अडकलेत, कारण त्या पावतीवर ना माझं नाव होतं ना विमानाचा क्रमांक, नुसतं 'अतिरिक्त सामान'. हिशेब विभाग अशी पावती घेत नाही. पैसे द्यावेच लागले तर नाव आणि फ्लाइट नंबर असलेली पावती तिथेच मागा, मागे कितीही मोठी रांग असो. नंतर विमान कंपनीला मेल करून ती मिळवणं महाकठीण आहे, माझ्या मेलांना अजून फक्त आपोआप येणारी पोच मिळतेय. बोर्डिंग पासही फेकू नका, हिशेब विभागाला तोही लागतो.